विळ्या-पावशीचे माहेरपण

दिवाळीच्या आगेमागे हलके धान कापून होते, मग भारी धानाचा नंबर लागतो, आणि एकदाचे पुंजणे रचून झाले की आपण सगळ्याजणी हुश्श करतो. घरातली माणसे दमलेली, अंगणात तणशीचा पसारा. अशा वेळी मागच्या पडवीच्या कोपऱ्यात कोण पडले आहे इकडे कुणाचे लक्ष जाणार? पण जरा वाकून बघा. चार-सहा विळे, एक कुऱ्हाड, चिखल वाळलेले पावडे, टिकास, दोन खुरपी. कुणाच्या पात्याला धानाचा चीक, कुणाच्या मुठीला बांधीतली माती. आणि ही सगळी मंडळी बहुधा खताच्या रिकाम्या पोत्यावर आडवी झालेली!

तुम्ही म्हणाल, आम्ही सडक अर्जुनीसारख्या तालुक्याच्या गावात राहणाऱ्या बायका, शेत वाट्याने नाहीतर ठेक्याने दिलेले, आमचा आणि विळ्याचा संबंध काय? संबंध आहे, बरं का. शेत दुसऱ्याने केले तरी हत्यारे आपल्याच घरी परत येतात. शिवाय परसातल्या वाफ्याला खुरपे लागते, सरपण फोडायला कुऱ्हाड लागते, आणि स्वयंपाकघरातली विळी (आपल्याकडची पावशी हो!) तर रोज दोन वेळा हातात असते. भांडी घासताना चमचासुद्धा आपण उलटसुलट करून बघतो. मग पात्याच्याच वाटणीला अशी उपेक्षा का? दसऱ्याला तेवढे पाणी मारून, हळदकुंकू लावून, झेंडूचे फूल वाहून आपण मोकळ्या होतो. पूजा जरूर करावी. पण हळदकुंकू ओले लावून ते पात्यावर तसेच सुकू दिले, तर त्याच ठिपक्याखाली आठ दिवसांत गंज धरतो, हेही ध्यानात असू द्यावे.

गंज, म्हणजे ज्याला आपण जंग म्हणतो, तो धरतो कसा? लोखंड, हवा आणि पाणी हे तिघे एकत्र आले की गंजाची सुरुवात होते. पाणी म्हणजे बादलीभरच लागते असे नाही. हवेतली आर्द्रता 70 टक्क्यांच्या वर गेली, की डोळ्यांना न दिसणारा ओलाव्याचा पापुद्रा पात्यावर बसतो आणि तेवढाही पुरतो. आपल्याकडे रोवणीपासून पुढे तीन-चार महिने हवा तशीच असते. त्यात क्षाराची भर पडली तर काम फारच झपाट्याने होते. म्हणून मघाशी खताच्या पोत्याचे नाव काढले. पोटॅशच्या खतात क्लोराइड असते, म्हणजे मिठाचाच भाऊबंद. त्या पोत्याला चिकटलेली चिमूटभर भुकटी ओल धरून बसते आणि लोखंड खाते. मिठाच्या बरणीवरचे पत्र्याचे झाकण कसे लवकर सडते, ते आठवा. तसेच हे.

आणि गंज नुसता वर बसत नाही. तो पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो, खाली नवे लोखंड उघडे पडते, आणि तेही गंजते. राखेच्या थराखाली निखारा धुमसत राहावा तसा हा प्रकार असतो. धारेचे लोखंड मुळातच पातळ, त्यामुळे पहिला बळी तिचा. धार बसली की कापणाऱ्या बाईला दुप्पट जोर लावावा लागतो. जोर लावला की विळा निसटतो, आणि निसटलेला विळा डाव्या हाताच्या बोटांवर किंवा पोटरीवर येतो. धाराळ विळ्यापेक्षा बोथट विळाच जास्त रक्त काढतो, हे कापणीला जाणारी कोणतीही बाई सांगेल.

आता इथे थोडे थांबून एका गोष्टीविषयी बोलायला हवे, कारण तिच्याबद्दल आपल्या घराघरांत गैरसमज आहे. “गंजलेले लागले, आता धनुर्वात होणार,” असे आपण पटकन म्हणून जातो. धनुर्वात गंजाने होत नाही. त्याचे जंतू मातीत आणि गुराढोरांच्या शेणात असतात. बीजरूपाने ते वर्षानुवर्षे तग धरतात, आणि खोल, बंद जखमेत, जिथे हवा पोचत नाही तिथे, वाढीला लागतात. गंजलेल्या पात्याच्या खाचाखोचांत माती अडकून राहते, म्हणून गंज आणि धनुर्वात यांची सांगड लोकांच्या मनात बसली. पण याचा अर्थ असा, की गोठ्यात पडलेला लखलखीत विळाही तितकाच धोक्याचा! तेव्हा “विळा तर नवा आहे, काही होत नाही,” असे म्हणून जखमेवर चिंधी गुंडाळू नका. वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने जखम धुवावी, तिच्यावर शेण, माती, तंबाखू, चुना यातले काहीही लावू नये, आणि दवाखाना गाठावा. सुई घ्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. तुम्ही त्यांना एवढेच सांगा, की आधीची सुई कधी घेतली होती. लहानपणच्या डोसांनंतर मुलांना 10 व्या आणि 16 व्या वर्षी टीडीची लस देतात. ती शाळेत चुकली असेल तर आरोग्य केंद्रात जाऊन विचारावे. आपले स्वतःचे काय, हा प्रश्न मात्र आपण बायका कधी विचारीतच नाही. बाळंतपणात घेतलेली सुई हीच आपली शेवटची. मुले कॉलेजात गेली तरी!

बाळंतपणावरून आठवले. एके काळी खेड्यापाड्यांतून बाळाची नाळ घरातल्याच विळ्याने किंवा विळीने कापली जाई. सुईणीचा हात कितीही मायेचा असला तरी पाते मातीचे, शेणाचे. आठवडाभरात बाळ दूध ओढेनासे होई, अंग ताठ करी, आणि घरातली म्हातारी म्हणे, बाळाला बाहेरचे झाले. ते बाहेरचे म्हणजे धनुर्वात होता. गरोदरपणातली लस, दवाखान्यातले बाळंतपण आणि निर्जंतुक पाते एवढ्यावर हे संकट हटले. 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारताला माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वातातून मुक्त झालेला देश म्हणून मान्यता दिली. माती मात्र तीच आहे आणि जंतूही त्याच मातीत आहेत. म्हणून ही सगळी स्वच्छता.

आता कामाचे बोलू. या सफाईसाठी बाजारातून काही आणायचे नाही. घरातल्या मोडक्यातोडक्या वस्तूंतून सगळा सरंजाम उभा राहतो, आणि तो एकदा केला की वर्षानुवर्षे पुरतो.

पहिली हवी बांबूची खरवडणी. ओल्या चिखलाला पाणी पुरते, पण वाळलेल्या चिखलाला सुरीने किंवा खिळ्याने टोकरू नका, त्याने ओरखडे पडतात आणि प्रत्येक ओरखड्यात पुढचा गंज धरतो. बांबूची वीतभर चीप घ्या, एका टोकाला छिन्नीसारखी तासून घ्या. बांबू मातीला भारी पडतो, लोखंडाला ओरबाडत नाही.

दुसरा तारेचा कुंचला. सायकलच्या दुकानात ब्रेकच्या तुटक्या तारा पडून असतात. मागितल्या तर दुकानदार हसून देईल. त्या तारेचे चार-चार बोटांचे तुकडे पाडून घ्या, बांबूच्या पेराला पुढून चीर देऊन त्यात जुडी घट्ट बसवा, वरून बांधायच्या तारेचे आठ-दहा वेढे द्या, आणि पेरापुढे फक्त बोटभर तार राहू द्या. जास्त ठेवली तर ती वाकते, घासत नाही. तारेची टोके पिळातून सुटून केरसुणीसारखी फुलतात. त्यांनी जाड गंजाचे पापुद्रे छान निघतात. घासताना तोंड बाजूला ठेवा, चश्मा असेल तर लावा, आणि लहान मुलांना जवळ बसू देऊ नका. आणि हो, हा कुंचला पावडे-टिकासासाठी. पावशीसाठी नव्हे!

तिसरी वस्तू मला सर्वांत आवडते, ती म्हणजे वाळूची बादली. बूड शाबूत असलेली पण कडी तुटलेली एखादी बादली किंवा रंगाचा मोठा डबा अडगळीत असतोच. नदीची बारीक वाळू चाळून, दोन दिवस कडक उन्हात वाळवून तीत भरावी. 10 लिटरच्या बादलीला पाव लिटर तेल पुरते. तळणातले उरलेले तेल वापरायचा मोह होईल, पण ते चिकट होते, वास मारते आणि मुंग्या-उंदीर बोलावते. त्यापेक्षा एरंडेल किंवा मशीनचे साधे तेल बरे. वाळू तेलात भिजून ओथंबता कामा नये. मुठीत दाबली तर थोडी एकत्र यावी आणि बोट लावताच फुटावी, इतपतच. आता पावडे, खुरपे, विळा या वाळूत दहा-वीस वेळा खालीवर खुपसा. वाळू गंज काढते आणि तेल लगेच मागोमाग बसते. एका दगडात दोन पक्षी! घरातल्या मुलांना हे काम खेळासारखे वाटते, पण विळा त्यांच्या हाती देऊ नका, पावड्यावर भागवा. हत्यारे त्या बादलीतच रोवून ठेवावीत असे काहीजणी सांगतात. कोरड्या मुलखात ते ठीक. आपल्याकडच्या पावसाळ्यात वाळू ओल धरते, म्हणून काम झाले की पुसून बाहेर काढलेलीच बरी.

बारीक घासायला राख. आपला गोंदिया म्हणजे धानाच्या गिरण्यांचा जिल्हा, तेव्हा तुसाची राख मिळायला अडचण नाही. चुलीच्या राखेपेक्षा ही राख जास्त घासते, कारण तुसात सिलिका भरपूर असते आणि तूस जळले तरी ती राखेत राहते. याच सिलिकामुळे धानाची कापणी करताना विळा इतक्या लवकर बोथट होतो, ही त्यातली गंमत. पण ही राख कोरडी उडवू नका, तिचा धुरळा छातीला वाईट. आधी पाण्याने ओली करावी, मग नारळाच्या शेंडीवर किंवा वाळलेल्या दोडक्याच्या जाळीवर घेऊन घासावे. नंतर स्वच्छ धुवावे आणि लगेच, अगदी लगेच, कोरड्या फडक्याने पुसावे. “उन्हात ठेवते, वाळेल आपोआप,” असे म्हणून आत गेलात तर बाहेर येईपर्यंत नारिंगी छटा आलीच म्हणून समजा.

चिंच-लिंबाविषयी विचाराल. चिंचेचा कोळ गंज खातो हे खरे, पण गंज संपला की तो लोखंड खायला लागतो. रात्रभर चिंचेत बुडवून ठेवण्याची जी युक्ती सांगतात, ती मला मुळीच पसंत नाही. अडकित्ता, कात्री, कुलपाची किल्ली अशा लहान वस्तूंना अर्धा तास पुरे. मग राखेच्या किंवा खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून काढावे, म्हणजे आंबटपणा मरतो. नंतर धुणे, पुसणे, तेल लावणे.

गंज जाळून काढायला पाते चुलीत घालणे हा तर सर्वांत वाईट प्रकार. लोहाराने विळ्याला पाणी पाजलेले असते, म्हणजे तापवून, विझवून धारेला कडकपणा आणलेला असतो. चुलीत पाते निळसर पडेपर्यंत तापले की ते पाणी उतरते. मग कितीही धार लावा, दोन मुठी कापल्या की विळा पुन्हा बोथट. मोडलेल्या मुठीचा तुकडा जाळून काढण्यासाठीही पाते विस्तवात घालू नये.

दातेरी विळ्याची तऱ्हा वेगळी. वैभव विळा या नावाने जो हलका दातेरी विळा मिळतो, तो आता बऱ्याच घरांत आहे. त्याला दगडावर धार लावायची नाही, दाते झिजतात. त्याचे काम एकच, दात्यांमधला चीक आणि माती काढणे. जुना दात घासायचा ब्रश, कोमट पाणी आणि धुण्याचा साबण एवढे पुरते. ब्रश पाठीकडून दात्यांकडे न्यावा, बोटे मात्र नेहमी पाठीच्या बाजूला.

नोकरीनिमित्त छावणीच्या गावी राहणाऱ्या वाचकभगिनींच्या घरी विळा नसेल, पण यजमानांच्या गोल्फच्या काठ्या असतील. त्यांनाही हीच विद्या लागू पडते! आपल्या गावाच्या नावातली ही सडक आपण पूर्वेला धरली तर थेट कोलकात्याला जाते, आणि तिथे 1829 साली निघालेला गोल्फ क्लब ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना मानला जातो. त्या खेळातल्या लोखंडी काठ्यांच्या तोंडावर आडव्या बारीक खाचा असतात. त्यांत गवत-माती भरली की चेंडूवर पकड बसत नाही, म्हणजे पुन्हा दातेरी विळ्याचीच गोष्ट. कोमट साबणाच्या पाण्यात फक्त खालचे तोंड बुडवावे, सांध्यापर्यंत पाणी चढू देऊ नये, ब्रशने आणि बांबूच्या काडीने खाचा मोकळ्या कराव्यात, आणि पुसून ठेवाव्यात. पकडायची रबरी मूठ घामाने गुळगुळीत होते, तीही साबणाच्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावी. आणखी एक नवल सांगते. जुन्या काळी दूरच्या फटक्याच्या काठीचे डोके लाकडाचे असे, आणि ते लाकूड अमेरिकेतल्या ज्या झाडाचे, ते आपल्या तेंदूच्या कुळातले. उन्हाळ्यात ज्याची पाने तोडायला आपली माणसे पहाटे रानात जातात, त्याचाच हा सातासमुद्रापलीकडचा चुलतभाऊ. कुणाच्या घरी सासऱ्यांची अशी जुनी काठी असेल तर ती पाण्यात अजिबात बुडवू नये. ओल्या फडक्याने पुसून तेलाचा हात द्यावा.

तेलाचे मात्र नीट समजून घ्यायला हवे. जवसाचे तेल हवेने सुकते आणि त्याचा पातळ कडक पापुद्रा बनतो, म्हणून लाकडी दांड्याला आणि मुठीला तेच उत्तम. आपल्याकडे धानामागून बांधीत जवस टाकायची रीत आहेच. एरंडेल आणि खोबरेल मात्र तसे सुकत नाहीत. लांब मुदतीसाठी ठेवायच्या पात्याला एरंडेल, कारण ते दाट असते, ओघळत नाही. खोबरेल पावशीला, कारण ते पोटात गेले तरी चालते. मशीनचे तेल पावशीला कधीही नाही.

आणि आता जे सांगते ते कृपा करून हसण्यावारी नेऊ नका. जवसाच्या तेलाने भिजलेले फडके चुरगळून कोपऱ्यात टाकले, तर ते आपोआप पेट घेऊ शकते. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. तेल सुकताना उष्णता तयार होते. पसरलेल्या फडक्यातून ती निघून जाते, पण बोळ्याच्या पोटात कोंडून राहते आणि वाढत जाते. घरात तणीस, पोती, सरपण, आणि माणसे झोपलेली! म्हणून असे फडके एकेरी पसरून मोकळ्या जागी दांडीवर वाळत घालावे, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवावे. पूर्ण कडक वाळले की भीती नाही. रोज हाताशी ठेवायची तेलाची पुरचुंडी करायची असेल तर ती एरंडेलाचीच करा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा.

दांडा सैल झाला की आपल्याकडे कुऱ्हाड रात्रभर हौदात टाकतात. सकाळी दांडा घट्ट वाटतो खरा, पण लाकूड फुगून लोखंडाला दबलेले असते. ते वाळले की आधीपेक्षाही जास्त आक्रसते आणि चार दिवसांत कुऱ्हाडीचे डोके पुन्हा डुगडुगते. सरपण फोडताना ते उडाले तर काय होईल, ते सांगायला नको. धावड्याची किंवा तिवसाची वाळलेली पाचर सुताराकडून ठोकून घ्यावी. दांड्याला चीर गेली असेल तर पाचरही नको, दांडाच बदलावा. तारेने बांधलेला दांडा हा पैसे वाचवण्याचा प्रकार नव्हे.

राहिली पावशी. तिला रोज काम असते म्हणून ती गंजत नाही, असा आपला समज. पण कैरी, चिंच, लिंबू, टमाटर कापून ती तशीच पाटाखाली सरकवली, की काळे डाग पडतात आणि दुसऱ्या दिवशीच्या भाजीला लोखंडाची चव येते. कापून होताच धुवावी, पुसावी, पाते आडवे पाडावे. आठवड्यातून एकदा ओल्या राखेने घासून खोबरेलाचा एक थेंब पात्यावर आणि एक थेंब बिजागरीत सोडावा. पाटाच्या आणि पात्याच्या सांध्यात पिठाची, मासळीची, भाजीची घाण साचते, तिथे बांबूची बारीक काडी फिरवावी. पोर रांगते असेल तर पावशी जमिनीवर नकोच, कितीही आडवी पाडलेली असली तरी.

बाकीच्या हत्यारांसाठी पडवीच्या भिंतीला, डोक्याच्या उंचीवर, बांबूची एक आडवी दांडी ठोकून घ्या. विळे तिच्यावर पाती भिंतीकडे करून टांगावेत, पावडे आणि टिकास दोन खुंट्यांवर. जमिनीची ओल वर चढते, म्हणून खाली काही टेकू देऊ नये. गोठ्याची भिंत टाळावी, कारण गोमूत्राची वाफही लोखंडाला बाधते. औषध फवारताना वापरलेली बादली, काठी, गाळणी या दांडीजवळ आणू नका, त्यांची जागा वेगळी, कुलपातली. टांगण्याआधी प्रत्येक पात्याला एरंडेलाचा हात द्या आणि वर जुन्या सुती लुगड्याची पट्टी सैल गुंडाळा. प्लास्टिकची पिशवी गुंडाळू नका, आत घाम धरतो. मृगाच्या आधी एकदा पट्ट्या सोडून बघाव्यात, धार लावायची ती पाती लोहाराकडे धाडावीत. रोवणीची घाई सुरू झाली की त्याच्या भात्यापुढे नंबर लागत नाही.